बाळ काचेत असताना दूध कसं काढायचं, कसं साठवायचं आणि शेवटी अंगावर कसं घ्यायचं

बाळ वेळेआधी झालं की घरचे सगळे आधी वजन विचारतात, ते साहजिकच आहे, पण आईने पहिल्याच दिवशी नर्सला विचारायचा प्रश्न वेगळा आहे, 'मी दूध काढायला कधी बसू?' बाळ काचेत असेल, नळी लावलेली असेल, चोखायची ताकद नसेल, तरी वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन उतरतं आणि शरीर दूध बनवायला घेतं. ते दूध कोणी काढतच नाही म्हटल्यावर शरीराला वाटतं इथे गिऱ्हाईक नाही आणि ते दुकान आवरायला घेतं. त्यामुळे बाळ ओढायला लागलं की बघू असं म्हणून थांबू नका, कारण बाळ ओढायला लागेपर्यंत कधीकधी कितीतरी आठवडे जातात आणि तोवर दूध आटलेलं असतं, मग ते परत आणणं खूप जड जातं.

मी एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, आयांना दूध काढायला शिकवते आणि खाली जे लिहितेय ते रोजच्या त्याच कामातलं आहे. तुमच्या बाळाला किती मिली द्यायचं, कोणते ड्रॉप्स, कोणती पावडर, हे मात्र तुमचे डॉक्टर ठरवणार, ते इथलं वाचून ठरवायचं नाही.

आधी थोडे आकडे, कारण ते फाईलवर लिहिलेले असतात आणि गडबडीत कोणी समजावून सांगत नाही. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालेलं बाळ प्रीमॅच्युअर, ३२ च्या आत व्हेरी प्रीटर्म, २८ च्या आत एक्स्ट्रीम. वजनाचं खातं वेगळं, अडीच किलोच्या खाली लो बर्थ वेट आणि दीड किलोच्या खाली व्हेरी लो. पूर्ण दिवसांचं बाळ पण कमी वजनाचं असू शकतं, म्हणून दोन्ही आकडे विचारून घ्या. दुधाच्या बाबतीत लक्षात ठेवायचा आकडा म्हणजे ३४, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका लयीत करायला बाळाला साधारण ३२ ते ३४ आठवड्यांनंतर जमायला लागतं, आणि तेही एकदम नाही, आज दोन मिनिटं उद्या पाच मिनिटं असं.

आईच्या दुधासाठी एवढा आग्रह का

कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं. त्याला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस नावाचा आजार होऊ शकतो, वॉर्डात सगळे त्याला नुसतं 'नेक' म्हणतात, यात आतड्याला सूज येते, कधी आतड्याचा तुकडा मरतो आणि ऑपरेशन करावं लागतं. आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये हा आजार फॉर्म्युलावरच्या, म्हणजे डब्यातल्या पावडरीच्या दुधावरच्या, बाळांपेक्षा कमी होतो, आणि एनआयसीयूत आईच्या दुधाला औषधासारखं वागवतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. दुधातली आयजीए नावाची अँटिबॉडी आतड्याच्या आतल्या बाजूला अस्तरासारखी बसते, लॅक्टोफेरिन जंतूंना लोह मिळू देत नाही, आणि बाळाला इन्फेक्शन होण्याचा धोकाही कमी होतो. अजून एक गोष्ट मला तर कमालच वाटते, ज्या आईचं बाळ लवकर झालंय तिच्या पहिल्या काही आठवड्यांच्या दुधात प्रोटीन, सोडियम आणि अँटिबॉडीज पूर्ण दिवसांच्या आईच्या दुधापेक्षा जास्त असतात. म्हणून दुसऱ्या कोणाचं दूध मिळत असलं तरी तुमच्या दुधाची जागा ते पूर्ण भरून काढत नाही.

पहिले थेंब, हातानेच

डिलिव्हरीनंतर तब्येत ठीक असेल तर पहिल्या तासातच सुरू करा, सिझेरियन किंवा बीपीमुळे जमलं नाही तर निदान सहा तासांच्या आत. पहिल्या एक-दोन दिवसांचं दूध म्हणजे चीक, घट्ट, पिवळं, इतकं थोडं की पंपाने काढलं तर अर्धं पंपाच्या प्लॅस्टिकलाच चिकटून राहतं. म्हणून सुरुवात हाताने करायची आणि पंपाला नंतर बोलवायचं.

हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू देत. कोमट ओला कपडा छातीवर दोन मिनिटं ठेवा, मग हलक्या हाताने बोटं गोल फिरवा, रगडायचं नाही. आता अंगठा वर आणि दोन बोटं खाली, इंग्रजी सी अक्षरासारखी, निप्पलपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे, म्हणजे बहुतेकींमध्ये काळसर भागाच्या कडेला येतात. बोटं आधी मागे छातीच्या दिशेने दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. परत मागे, दाबा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवत निप्पलकडे ओढायची नाहीत, त्याने दूध येत नाही, फक्त साल निघतं आणि आग होते. निप्पल पिळूनही काही मिळत नाही, दूध त्याच्या मागे असतं. पहिली दोन-चार मिनिटं काहीच येत नाही आणि इथेच बहुतेक जणी म्हणतात की मला दूधच नाही. थांबा, करत राहा. मग निप्पलच्या टोकावर एक बारीक चकचकीत ठिपका दिसतो, तो हळूहळू फुगतो, पिवळा थेंब होतो. हा थेंब खाली पडू द्यायचा नाही, नर्स किंवा बहीण किंवा नवरा, जे कोणी जवळ असेल त्यांनी १ मिलीची सुई नसलेली सिरिंज त्याला लावून वर ओढून घ्यायचा. मग बोटं थोडी फिरवून दुसऱ्या बाजूने दाबायचं, धार कमी झाली की दुसरी छाती, मग परत पहिली. नवऱ्यांना या कामाला लावाच, एनआयसीयूच्या बाहेर फोन बघत बसण्यापेक्षा बरं, आणि त्यांनाही आपण काहीतरी केलं असं वाटतं.

पहिल्या खेपेला सिरिंजमध्ये ०.२ मिली आलं म्हणून रडू नका. पूर्ण दिवसांचं धडधाकट बाळसुद्धा पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिलीच पितं. आणि कमी दिवसांच्या बाळाला तर हे दोन थेंब गालाच्या आतल्या बाजूला लावतात, डाव्या गालात एक, उजव्या गालात एक, म्हणजे पोटात काही द्यायची परवानगी नसली तरी चिकातल्या अँटिबॉडीज तोंडाच्या आतल्या कातडीला मिळतात. बऱ्याच युनिटमध्ये हे करतात, तुमच्याकडे करत नसतील तर विचारा. सिरिंजवर नाव, तारीख, वेळ लिहून लगेच आत पाठवा. चीक फेकायचा नाही, पिवळा आहे म्हणून नाही, घट्ट आहे म्हणून नाही, कोणी काहीही सांगितलं तरी नाही.

पंप आणि त्याचं वेळापत्रक

दिवस-रात्र मिळून ८ ते १० वेळा दूध काढायचं, हा या अख्ख्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. दर तीन तासांनी म्हटलं की आठ होतात. घड्याळ लावून अगदी सारख्या अंतराने जमलं नाही तर नका घाबरू, दिवसात दोन-दोन तासांनी काढा आणि रात्री एक मोठी झोप घ्या, पण ती झोप पाच तासांपेक्षा लांबवू नका आणि मध्यरात्र ते पहाट या वेळात एकदा तरी उठाच, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. मला माहितीये, शेजारी बाळ नाही आणि अलार्म लावून मशीनसाठी उठायचं यासारखं कंटाळवाणं काम नाही. तरी पहिले दोन आठवडे ते करा, पुढच्या सगळ्या महिन्यांचं दूध या दोन आठवड्यांत ठरतं असं म्हटलं तरी चालेल.

एका वेळी १५ ते २० मिनिटं, किंवा थेंब थांबल्यावर आणखी दोन मिनिटं. दोन्ही बाजूंना एकदम लागणारा इलेक्ट्रिक पंप मिळाला तर वेळ अर्धा होतो आणि दूधही जास्त येतं. पंप चालू असताना मोकळ्या हाताने छाती बाहेरून हलकी दाबत राहायची आणि पंप काढल्यावर एक-दोन मिनिटं हाताने काढायचं, याने शेवटचं घट्ट, साय असलेलं दूध निघतं आणि कमी वजनाच्या बाळाला नेमकं तेच हवं असतं. फनेलची, म्हणजे पंपाच्या छातीला लागणाऱ्या तोंडाची, साईज बघा, निप्पल त्यात मोकळं पुढेमागे सरकलं पाहिजे, घासायला नको आणि काळसर भाग पण आत ओढला जायला नको. मशीनचा जोर जास्त ठेवला की दूध जास्त येतं हा गैरसमज आहे. दुखतंय म्हणजे जोर जास्त आहे, कमी करा, दुखलं की पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन अडतं आणि दूध सुटतच नाही. म्हणून टाक्यांचं दुखणं अंगावर काढत बसू नका, डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी वेळेवर घ्या, दूध पाजताना चालणारीच दिलेली असते, शंका असेल तर विचारून घ्या.

साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती भरून येते. सिझेरियन, डायबिटीस, खूप रक्तस्राव, बाळ फारच लवकर होणं, यात एक-दोन दिवस उशीर होतो. लक्ष्य काय ठेवायचं तर दोन आठवडे होईपर्यंत दिवसाला निदान ५०० मिली, आणि ७५० च्या पुढे गेलं तर फारच छान. आता तुम्ही म्हणाल बाळ दिवसाला ४० मिली पितंय मग एवढं कशाला? कारण हेच बाळ दोन महिन्यांनी अर्धा लिटरच्या पुढे पिणार आहे आणि तेव्हा अचानक दूध वाढवता येत नाही. जास्तीचं फ्रीझरमध्ये जातं, वाया जात नाही. एक साधी वही ठेवा, वेळ आणि मिली, बस. एखाद्या वेळी ३० आलं एखाद्या वेळी ७०, त्याकडे बघायचं नाही, चोवीस तासांची बेरीज बघायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही बेरीज बऱ्याच जणींची खाली येते, थकवा असतो, घर आणि हॉस्पिटल अशा खेपा चालू असतात, नकळत दोन वेळा गाळल्या जातात. अशा वेळी दूध वाढवायच्या पावडरी विकत आणायच्या आधी वही उघडा आणि दिवसात किती वेळा काढलं ते मोजा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. पंपाला बसायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे बाळाच्या शेजारी, किंवा कांगारू करून, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर घेऊन, उठल्यावर लगेच. ते जमत नसेल तर बाळाचा फोटो किंवा त्याच्या अंगाला लागलेलं फडकं जवळ ठेवा, ऐकायला वेडगळ वाटतं पण पान्हा फुटतो.

छाती दगडासारखी झाली, गाठ आली, तर दूध काढणं बंद करू नका. पण जोरजोरात रगडून गाठ फोडायलाही जाऊ नका, त्याने आतली सूज वाढते. नेहमीच्या वेळेला काढा, मधल्या वेळात गार कपडा ठेवा. ताप आला, छातीवर लाल चट्टा उठला, अंग मोडून आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

साठवणूक

इथे मी कडक आहे. पंपाचे दुधाला लागणारे सगळे भाग दर वेळी साबणाच्या गरम पाण्याने वेगळ्या भांड्यात धुवायचे, सिंकमध्ये नाही, आणि दिवसातून एकदा उकळून किंवा वाफेवर निर्जंतुक करून स्वच्छ कपड्यावर वाळवायचे. दूध एका खेपेचं एका डब्यात, लहान लहान भागात. ताजं दूध खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांपर्यंत, ४ तास चालतं, उकाडा असेल तर तेवढीही वाट बघू नका. फ्रिजमध्ये ४ अंशांवर धडधाकट बाळासाठी ४ दिवस, एनआयसीयूच्या बाळासाठी युनिट सांगेल ते, साधारण ४८ ते ९६ तास. डबा फ्रिजच्या दारात नको, आत मागे ठेवा. उणे १८ च्या फ्रीझरमध्ये ६ महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम. वितळवलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवायचं आणि परत गोठवायचं नाही. गरम करायला डबा कोमट पाण्यात उभा करा. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, कुठे गार कुठे चटका बसेल इतकं गरम होतं आणि दुधातल्या चांगल्या गोष्टी मरतात.

फ्रिजमधलं दूध फाटल्यासारखं दोन थरांत दिसतं, वर साय खाली पाणीदार, ते खराब नाही, हलकं गोल फिरवलं की एक होतं. रंग कधी निळसर कधी पिवळट असतो. वितळवलेल्या दुधाला कधीकधी साबणासारखा वास येतो, तो लायपेज नावाच्या एन्झाइममुळे, तेही चालतं. आंबट, नासका वास आला तर मात्र फेका.

बाळाच्या पोटात कसं जातं

आधी नळीतून. सुरुवातीचे फीड इतके लहान असतात की घरचे घाबरतात, 'एवढ्याशानं काय होणार?' पण ते पोट भरायला नसतातच, आतड्याला कामाची सवय लागावी म्हणून असतात, पोषण तेव्हा सलाईनमधून चालू असतं. मग रोज थोडं थोडं वाढवत दिवसाला किलोमागे साधारण १५० ते १८० मिलीपर्यंत नेतात. उदाहरण घ्या, १.२ किलोचं बाळ, किलोमागे १६० मिली, म्हणजे दिवसाचे १९२ मिली, दर दोन तासांनी दिलं तर एका वेळी १६ मिली. हा हिशोब एकदा समजला की राऊंडला डॉक्टर काय बोलतात ते कळायला लागतं आणि निम्मी भीती जाते. मधेच फीड थांबवले तर लगेच तुमच्या दुधावर संशय घेऊ नका. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली की ते थांबवतातच, तुम्ही काढत राहा.

आता ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त आया दुखावतात ती, फॉर्टिफायर. डॉक्टर म्हणतात तुमच्या दुधात पावडर मिसळायची आणि आईला वाटतं माझं दूध कमी पडलं, पातळ आहे. तसं नाहीये हो! शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला पोटात नाळेतून कॅल्शियम, फॉस्फरस, लोह भरभरून मिळत असतं आणि या बाळाचे तेच महिने राहून गेलेत. पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा त्याची गरजच इतकी मोठी आहे, प्रोटीन दिवसाला किलोमागे साडेतीन ते साडेचार ग्रॅम, की कोणाचंच दूध एकटं ते पुरवू शकत नाही. म्हणून विशेषतः दीड किलोच्या आतल्या बाळांना आईच्या दुधात फॉर्टिफायर घालतात. दूध तुमचंच, वरची भर त्याची. त्याशिवाय व्हिटॅमिन डी रोज निदान ४०० युनिट, काही आठवड्यांनी लोहाचे थेंब, कधी कॅल्शियम-फॉस्फरस. लोहाच्या थेंबांनी शी काळपट होते, घाबरू नका. डिस्चार्जनंतर हे थेंब सगळ्यात आधी विसरले जातात, बाळ दिसायला छान गुटगुटीत झालं की घरचे म्हणतात आता कशाला औषधं. द्यायचेच.

कांगारू

बाळ फक्त डायपर आणि टोपीवर, तुमच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, वरून कपड्याने बांधलेलं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून हे सुरू झालं आणि आता इन्क्युबेटर असलेल्या ठिकाणीही करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या सगळ्या बाळांना दिवसातले ८ ते २४ तास कांगारू द्यावं, आणि जन्मानंतर लगेच सुरू करावं. त्याच्या आधी २०२१ मध्ये पाच देशांत मिळून झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर व्हायची वाट न बघता लगेच कांगारू दिल्यावर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले होते. बाळ उबदार राहतं, उष्णतेवर खर्च होणारी ताकद वजनाला लागते, आणि तुमचं दूध वाढतं. एका वेळी निदान एक तास, दहा मिनिटांसाठी बाळाला उचलून परत ठेवण्यात त्याची दमणूकच जास्त होते. बाबाही करू शकतात, आजीही करू शकते.

नळीवरून अंगावर

पहिली पायरी म्हणजे दूध काढून रिकामी झालेली छाती. बाळाला कांगारूतूनच निप्पलजवळ घ्या, चाटू द्या, वास घेऊ द्या, चोखलं तर चोखू द्या, गिळायचं ओझं नको. नळीने फीड चालू असतानाच हे केलं तर चोखणं आणि पोट भरणं याची सांगड बसते. मग हळूहळू भरलेली छाती.

बाळ लहान असेल तर डोकं सांभाळायला आधार लागतो. डाव्या छातीला पाजायचं असेल तर उजव्या हाताने मानेच्या मागून आणि खांद्याला धरा, डोक्यावर दाब देऊ नका, दाबलं की ते मागे ढकलतं. पोटाला पोट, नाक निप्पलच्या समोर. तोंड जांभईएवढं उघडलं की बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे वाकवून न्यायची नाही, पाठ मोडते. बरोबर पकडलंय का ते असं ओळखा, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतोय, आणि गिळल्याचा बारीक आवाज येतोय. गाल आत जात असतील, चटचट आवाज येत असेल, तुम्हाला कळ लागत असेल तर करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि परत लावा.

ही बाळं चार घोट पितात, थांबतात, श्वास घेतात, परत पितात. थांबलं म्हणून झालं असं नाही, आणि गदागदा हलवून जागंही करायचं नाही. छाती हलकी दाबली की धार येते आणि ते परत सुरू होतं. पिताना ओठ निळसर झाले, श्वास अडकला तर लगेच काढा, थोडं उभं धरा, नर्सला सांगा. अंगावर पूर्ण भागत नाही तोवर उरलेलं काढलेलं दूध छोट्या वाटीने, पलाड्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) किंवा चमच्याने द्या, बाळ जागं आणि बऱ्यापैकी बसतं धरलेलं, वाटी खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याने स्वतः ओढून घ्यायचं, घशात ओतायचं नाही.

पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर

यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. पहिल्या तासात अंगावर घ्या, दिवसातून ८ ते १२ वेळा मागेल तेव्हा पाजा, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, कारण दुधात ८७ टक्के पाणीच असतं. पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. मध एक वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला चाटवायचा नाही, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू असू शकतात.

पुरतंय का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, आणि छाती मऊ लागते किंवा बाळ रडतं यावरून ते कळत नाही. शी-शू बघा. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी आधी काळी डांबरी, मग हिरवट, चार-पाच दिवसांत पिवळी. वजन पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं, पुढे दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ. १० टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर दाखवा.

३४ ते ३६ आठवड्यांत झालेलं बाळ मधल्या मधे फसवतं. दिसायला पूर्ण दिवसांचं, आईजवळच दिलेलं, सगळे खूश, आणि ते झोपाळू असतं, दोन मिनिटं चोखून दमतं, शांत बाळ म्हणून कौतुक होतं आणि चौथ्या दिवशी कावीळ वाढून वजन उतरून परत ॲडमिट. याला मागायची वाट बघायची नाही, दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं आणि वर थोडं काढूनही ठेवायचं.

आईचं दूध खरंच नसेल तर

आधी डोनर दूध, म्हणजे मिल्क बँकेतलं. तिथे देणाऱ्या आईच्या तपासण्या होतात आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइझ करतात. ओळखीतल्या बाईचं न तपासलेलं दूध कमी दिवसांच्या बाळाला देऊ नका, नियत कितीही चांगली असो. ते नाही मिळालं तर डॉक्टरांनी सांगितलेला कमी दिवसांच्या बाळांचा फॉर्म्युला, आणि त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पावडर निर्जंतुक नसते एवढं लक्षात ठेवा, घरी बनवताना उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जायच्या आत त्यात पावडर घालायची, मग गार करून लगेच द्यायचं, आणि पाणी वाढवून पावडर पुरवायची नाही. साधं जनावराचं दूध वर्षभर मुख्य दूध म्हणून नको.

बहुतेक औषधं दूध पाजताना चालतात, म्हणून कोणी घाईने 'पाजणं बंद' म्हटलं तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नका. एचआयव्ही असलेल्या आईचंही उत्तर सरळ 'नाही' असं नसतं, औषधं नियमित चालू असतील तर जागतिक आरोग्य संघटना पाजायलाच सांगते, तुमच्याकडचा सल्ला डॉक्टरांकडून घ्या. गॅलॅक्टोसेमिया नावाच्या जन्मजात आजारात मात्र आईचं दूधही चालत नाही. आणि आईच्या खाण्याबद्दल इतकंच, नेहमीपेक्षा साधारण ५०० कॅलरी जास्त, तहान लागेल तेवढं पाणी, सिगारेट-दारू बंद. हे खाऊ नको ते खाऊ नको अशा याद्या करून बाळंतिणीला उपाशी ठेवू नका.

घरी आल्यावर

यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं: बाळ प्यायचं सोडतंय, उठवूनही उठत नाही, श्वास मिनिटाला ६० च्या वर किंवा छाती आत ओढली जातेय, काखेतलं तापमान ३८ च्या वर किंवा ३५.५ च्या खाली, हिरवी उलटी, फुगलेलं ताठ पोट, शीत रक्त, झटके, तळहात-तळपाय पिवळे.

वजनाला सांगितलेल्या तारखेला न्या, घरच्या काट्यावर रोज मोजून जीव कासावीस करू नका. वय मोजताना करेक्टेड वय, म्हणजे डिलिव्हरीच्या ठरलेल्या तारखेपासूनचं वय, धरा, ३२ आठवड्यांत झालेलं बाळ ८ आठवडे आधी आलंय म्हणजे सहा महिन्यांचं झालं तेव्हा ते चार महिन्यांचं. वरचं अन्न सुरू करताना डॉक्टर हे वय बघतात, आणि मान धरतंय का, आधाराने बसतंय का, चमचा जिभेने बाहेर ढकलतंय का तेही. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, करेक्टेड वय धरून पुढे ढकलायच्या नाहीत. फक्त दोन किलोच्या आतल्या बाळाच्या हिपॅटायटिस बी च्या पहिल्या डोसबद्दल वेगळं विचारून घ्या.